सर्व्हेअरची वाट बघू नका, आधी नोटीस द्या

प्रश्न: कळंबा रोडला सगळ्यात वरच्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. ताबा मिळून चार वर्षं दहा महिने झाले. बेडरूमचं छत गळतंय, बीमखालचं प्लास्टर फुगून पडलं आणि आतली गंजलेली सळी दिसते. बिल्डर म्हणतो, करारानुसार आधी ‘नियुक्त सर्व्हेअर’चा, म्हणजे नेमलेल्या पाहणी तज्ज्ञाचा, रिपोर्ट लागतो आणि सर्व्हेअर तोच पाठवणार. तीन महिने कुणी फिरकलं नाही. काय करू? – एक शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर: ताई, पहिलं म्हणजे त्या बीमखालचा पलंग आजच हलवा. दुसरं, सर्व्हेअरची वाट बघत बसू नका. तुमच्या हातात दोनच महिने आहेत.

रेरा कायदा 2016 (घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीचा स्थावर मालमत्ता कायदा), कलम 14(3) सांगतं की ताबा दिल्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष बिल्डरच्या निदर्शनास आणला, तर त्यानं 30 दिवसांत तो एक रुपयाही न घेता दुरुस्त करायचा. नाही केला तर भरपाई द्यायची. दोष ‘निदर्शनास आणणं’ एवढंच तुमचं काम. सोबत रिपोर्ट जोडलाच पाहिजे, असं या कलमात नाही. तोंडी तक्रारी आणि व्हॉट्सॲपवरचे फोटो जपून ठेवा, पण फोटोंसह लेखी नोटीस याच आठवड्यात स्पीड पोस्टानं पाठवा, पोहोच घ्या, ईमेलही करा. वरची गच्ची सामाईक असल्यानं सोसायटीचंही पत्र सोबत असू द्या, नाहीतर बिल्डर तिच्याकडे बोट दाखवेल.

करारनाम्यातलं ते सर्व्हेअरचं कलम पुन्हा वाचा. त्याच्या आसपास बहुधा असंही लिहिलेलं असतं की तापमानातल्या फरकानं भिंतीवर पडणाऱ्या केसासारख्या भेगा दोष धरायच्या नाहीत. पण तिथंच आरसीसीचा, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटचा, सांगाडा या सवलतीतून वगळलेला असतो. सळी उघडी पडली ती बीममधली. तिला केसासारखी भेग म्हणता येणार नाही.

तरीही सर्व्हे कराच, पण तुमच्या निवडीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून. पाहणीची तारीख बिल्डरला आधी लेखी कळवा. नाही आला तर तशी नोंद रिपोर्टमध्ये घ्या. नुसते ‘रिबाउंड हॅमर’चे (काँक्रीटवर आपटून उसळी मोजणाऱ्या हातोडीचे) आकडे लिहून दिले तर समाधान मानू नका. ती चाचणी काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा सांगते, आतलं नाही. आतल्या काँक्रीटसाठी अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींची) चाचणी आणि गरज पडली तर कोअर, म्हणजे काँक्रीटचा दंडगोल नमुना, काढायला सांगा. सळीवर काँक्रीटचं कव्हर, म्हणजे थर, किती मिलीमीटर आहे, तेही मोजायला लावा. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर इंजिनिअर फिनॉल्फथॅलीन या रंग बदलणाऱ्या रसायनाचा फवारा मारतो; काँक्रीटचा अल्कलीपणा टिकून असेल तर ते गुलाबी होतं. सळीभोवतीचा भाग बिनरंगी राहिला, तर सळीचं संरक्षण संपलंय. त्या क्षणाचा फोटो रिपोर्टमध्ये हवाच.

आणि रिपोर्टमध्ये कारण स्पष्ट असलं पाहिजे. ‘गळती आढळली’ एवढ्यावर तुमचं काम होणार नाही. तुम्ही फरशी किंवा पाइप बदलल्यानं गळती झाली, हा बिल्डरचा ठरलेला बचाव असतो. तो खोडणारं वाक्य इंजिनिअरनंच लिहायला हवं. ते शपथपत्रावर सांगायची त्याची तयारी आहे का, हे फी देण्याआधीच विचारा.

30 दिवसांत काम झालं नाही तर महारेराकडे (रेरा कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे) ऑनलाइन तक्रार करा. जिल्हा ग्राहक आयोगाचा पर्यायही आहे, तिथं मुदत दावा करण्याचं कारण घडल्यापासून 2 वर्षांची. दोन्हीकडे धावू नका.

पाहणी होईपर्यंत त्या बीमवर नवं प्लास्टर मारू देऊ नका. पडलेले तुकडे पिशवीत घालून, वर तारीख लिहून ठेवा.