किती फूट?

प्रिय मुला,

अनेक आशीर्वाद.

परवा तू ग्रंथालयाच्या पायरीवर बसला होतास. "काय झालंय?" असं विचारलं तर म्हणालास, "काय नाही मॅडम, असंच." जर्नल कोरं होतं, दोन आठवडे प्रॅक्टिकलला आला नव्हतास, डोळे ओढलेले होते. मागे मुलं उभी होती म्हणून मी जास्त विचारलं नाही. पण घरी आल्यावर ते "असंच" काही केल्या डोक्यातून जाईना.

तू आटपाडीकडचा. तिकडे पावसाचीच वाट बघायची सवय, पुराची नाही. पण इथला, सांगलीचा, एक पावसाळा तू पाहिला आहेस. चहाच्या गाड्यावर, रिक्षात, मंडईत एकच प्रश्न असतो, "किती फूट?" कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा पातळी, 45 फुटांवर धोका पातळी. 2019च्या ऑगस्टमध्ये ते 57 फुटांच्या वर गेलं होतं. नदीकाठच्या गल्ल्यांतली माणसं मात्र धोका पातळीची वाट बघत बसत नाहीत. आकडा चढायला लागला की धान्य माळ्यावर जातं, गाड्या उंचावर लागतात, म्हातारी माणसं नातेवाइकांकडे पोचतात. "आमच्याकडं पाणी आलंय, येऊ का?" हे विचारताना कुणाची मान खाली जात नाही. घरात पाणी शिरलं म्हणून त्या घराला कुणी नावं ठेवत नाही. मनात पाणी चढलं की मात्र हीच माणसं "काय नाही, असंच" म्हणतात. तीस वर्षं शिकवताना मी हे इतक्या वेळा पाहिलंय की आता मला ते सहन होत नाही.

म्हणून पहिली गोष्ट, स्वतःची पातळी मोजायला लाग. एक साधी वही घे. रोज रात्री शून्य ते दहामधला एक आकडा लिही, आज मन किती जड होतं त्याचा. त्याखाली तीन गोष्टी: किती वाजता उठलो, किती वेळा जेवलो, कुणाशी बोललो. भावना लिहायला बसू नकोस, ते तुला आत्ता झेपणार नाही. आठवड्याने वही चाळ. मन खचलेलं असलं की ते आपल्याला सांगतं, हे कायमचंच असं आहे. वही सांगते की मंगळवारी चार होता, आणि मंगळवारी तू मित्राबरोबर जेवला होतास.

आता झोपेचं. तुझा दिवस मला न सांगताही दिसतो. रात्री दोनपर्यंत मोबाईल, सकाळी दहाला जाग, पहिले दोन तास बुडालेले, तास बुडाले म्हणून अपराधी वाटतं, ते विसरायला पुन्हा मोबाईल. तू हे झोपण्याच्या टोकाकडून सुधारायला बघतोस, "आज अकराला झोपायचंच", आणि कूस बदलत पडून राहतोस. दुसऱ्या टोकाने धर. झोप लागणं आपल्या हातात नसतं, उठणं बरंचसं असतं. कितीही वाजता डोळा लागला तरी साडेसहाला उठ, रविवारीसुद्धा, आणि उठल्यावर तासाभरात उजेडात जा. सकाळच्या उजेडानेच शरीराचं घड्याळ लागतं. पहिले चार-पाच दिवस त्रास होईल. मग रात्री झोप आपणहून लवकर येऊ लागेल. अभ्यासासाठी रात्री दहाला चहा-कॉफी घेत असशील तर ते बंद कर. त्यातलं निम्मं कॅफिन पाच-सहा तासांनीसुद्धा अंगात असतं. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री जागू नकोस. वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेतच, त्यामुळे जागरणाने तू केलेलाच अभ्यास वाया घालवतोस.

जेवणाचं एवढंच सांगते, मेसचा डबा खा. भडंग आणि चहा हे जेवण नव्हे. आणि एकदा रक्त तपासून घे: हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12. हे कमी-जास्त झालं तरी थकवा येतो, मन लागत नाही, चिडचिड होते, आणि आपण समजतो की आपणच आळशी झालो. वर्षानुवर्षं शाकाहारी जेवणाऱ्यांमध्ये बी-12 कमी निघणं आपल्याकडे फार आढळतं. तुझ्या घरी माळकरी वातावरण आहे असं तूच एकदा म्हणाला होतास, म्हणून मुद्दाम लिहिलं.

जर्नलचं काय करायचं? "मूड आला की एकदम पूर्ण करतो" हे सोडून दे. खचलेल्या माणसाला मूड आधी येत नाही. आधी हात हलतो, मग मन हलतं, आणि तेही उशिरा. उद्या एका प्रयोगाचा फक्त उद्देश आणि साहित्य लिही, पाच ओळी, आणि वही मिट. परवा पुन्हा पाच. सबमिशनच्या तारखेचं मी बघते, तो घोर तू सोड.

आता ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसले ते. दोन विषय राहिलेत हे तू घरी सांगितलेलं नाहीस. हो ना?

मी जत तालुक्यातली. दुसऱ्या वर्षाला गणितात नापास झाले आणि दिवाळीला घरी गेले. गुणपत्रिका ट्रंकेत साडीच्या घडीत ठेवली होती. वडिलांनी उसनवारी करून फी भरली होती, ती रक्कम मला पाठ होती. पंधरा दिवस मी फराळ केला, रांगोळ्या काढल्या, आणि कुणी "अभ्यास काय म्हणतोय?" विचारलं की पोटात गोळा यायचा. शेवटी निघायच्या दिवशी स्टँडवर, एसटी सुरू झाल्यावर, खिडकीतून सांगितलं. वडील म्हणाले, "मग परत बस की परीक्षेला." आणि धावत जाऊन केळी घेऊन आले. सांगलीपर्यंत मी रडत होते. त्या पंधरा दिवसांत मी सोसलं ते नापास होण्याचं नव्हतंच, सगळं लपवण्याचं होतं.

सगळ्यांचे वडील असे नसतात. तुझे कदाचित ओरडतील. त्यांच्या डोळ्यांसमोर बागेचं कर्ज असेल, तुझ्या खोलीचं भाडं असेल. पण हेही बघ, डाळिंबावर तेल्या रोगाचे डाग दिसले की ते झाडाला दोष देत नाहीत, डाग झाकूनही ठेवत नाहीत. त्याच दिवशी जाणत्याला दाखवतात, कारण उशीर झाला तर बाग जाते हे त्यांना माहीत आहे. त्यांना तुझा डाग अजून दिसलेलाच नाही. रानातून दमून आल्याआल्या फोन करू नकोस, जेवण झाल्यावर कर. एवढंच बोल: "अण्णा, दोन विषय राहिलेत. मला बरेच दिवस बरं वाटत नाहीये. रागवा, पण आधी ऐका." थेट त्यांना सांगायचा धीर होत नसेल तर आधी आईला सांग, किंवा ताईला. नाहीतर माझ्याकडे ये, माझ्यासमोर बसून फोन लाव. गरज पडली तर मी बोलेन.

सांगितल्यावर लगेच हलकं वाटेलच असं नाही. पाऊस उघडला तरी कोयना धरणातून विसर्ग चालू असेपर्यंत इथलं पाणी हटत नाही. उतरतं तेही इंचाइंचाने, आणि मागे गाळ राहतो. महिनाभर तरी धीर धर.

छातीत धडधड वाढली तर श्वास चार आकडे मोजत आत घे आणि सहा मोजत बाहेर सोड, पाचेक मिनिटं. सोडायचा श्वास लांबला की नाडी संथ होते.

पण सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसातला बराच वेळ मन खिन्न असेल, आवडीचं काहीच आवडत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर हे सगळं घरगुती सांगणं पुरणार नाही. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. मी तुझ्याबरोबर येते. गोळ्या दिल्याच तर गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, मधेच स्वतःहून बंद करायच्या नाहीत. तिथवर जायचं धाडस होत नसेल तर टेली मानसला 14416 वर फोन कर. 2022पासून ही सरकारी सेवा चालू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं.

आणखी एक गोष्ट सरळच विचारते, कारण आडून विचारण्यात वेळ जातो. "आपण नसलेलंच बरं" असं कधी मनात येतं का? येत असेल तर दोन आठवडे मोजत बसायचं नाही. त्याच क्षणी रूम पार्टनरला उठव, किंवा मला फोन कर, रात्रीचे तीन वाजले असले तरी. 14416 आहे, 112 आहे. खोलीत एकटा राहू नकोस. हे सांगितल्याने माझ्या नजरेत तू तसूभरही कमी होणार नाहीस.

रविवारी सकाळी पावणेसातला मी गणपती मंदिराच्या दारात उभी असेन. हरिपूरपर्यंत चालत जाऊ, संगमावर थोडं बसू आणि परत येऊ. वाटेत बोललंच पाहिजे असं नाही. वही मात्र घेऊन ये, आकडे कोरे असले तरी चालतील.

तुझी,
केमिस्ट्रीची मॅडम