आधी पाण्याची वही

चि. पोरी,

काल तू गावभागातनं स्कूटर मारत आलीस, फाइल उघडलीस आणि तीन वेळा एकच विचारलंस, "काका, कुत्र्याला न्यायचं का?" मी तिन्ही वेळा तुला मलेशियातल्या लंकावी बेटाच्या धक्क्यावर बोट बांधायला काय पडतं ते सांगत बसलो. तू गेल्यावर काकू म्हणाली, "पोरगीनं विचारलं काय आणि तुम्ही सांगितलंत काय!" म्हणून हे पत्र.

नोकरी सोडावी का, आईला कसं सांगावं, यात मला ओढू नकोस. तू जाणार आहेस, ते तुझ्या चपला काढण्यावरनंच कळलं. चौघं मित्र, भाड्याची शिडाची बोट, लंकावी, फुकेत, मग अंदमान. ऋतूही बरोबर निवडलायस. डिसेंबरपासून ईशान्येचा वारा लागतो, आभाळ मोकळं, समुद्र मवाळ. तुझ्या तक्त्यात डिझेल आहे, विमा आहे, गळ आहे, ड्रोनसुद्धा आहे. पाण्यापुढे काय लिहिलंयस? "वॉटरमेकर आहे." म्हणजे खाऱ्याचं गोडं करणारं यंत्र. संपलं.

बाई गं, मी दुष्काळी आटपाडीचा आहे. हे वाचून मला रात्री झोप आली नाही.

रोज सकाळी टाकीतलं पाणी मोजायचं. आकडा सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगायचा. वहीत लिहायचा. गाठी मारणं, शीड आखडणं, नकाशा वाचणं हे तुला लंकावीतला कुणीही आठवडाभरात शिकवेल. हे मात्र शिकवणार नाही, कारण त्यांना त्याची गरज वाटत नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मी अकरा वर्षांचा होतो. आमची आज्जी दिवस उगवायच्या आत रांजणात वेळूची काठी बुडवायची, ओली कुठवर झाली ते बोटांनी बघायची आणि ओसरीवरनं ओरडायची, "चार बोटं उतरलं!" कुणाचं नाव घ्यायची नाही. पण त्या दिवशी कोण तोंड धुताना हात आखडायचा, ते सगळ्यांना दिसायचं. पुढे तीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, टाक्यांत पितळी गोळे सोडून मापं घेतली. ते आज्जीच्या काठीपेक्षा वेगळं काही नव्हतं.

तू नदीकाठची, तुला दुष्काळ कळणार नाही म्हणशील. मग 2019 चा ऑगस्ट आठव. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर, गल्लीत पुरुषभर पाणी, आणि तुम्ही वरच्या मजल्यावर प्यायच्या बाटल्या मोजत बसला होतात. बोटीवर रोज तेच असतं. लिटरमागे 35 ग्रॅम मीठ असलेल्या पाण्यावर तू तरंगत असतेस. ते प्यायलीस तर मीठ बाहेर टाकायला मूत्रपिंडाला त्याहून जास्त पाणी लागतं.

वॉटरमेकरचं ऐक. चांगलं यंत्र आहे, माझा राग नाही. पण पन्नास-पंचावन्न बार दाबानं समुद्राचं पाणी पडद्यातनं ढकलावं लागतं, त्याला बॅटरी हवी, बॅटरीला ऊन हवं नाहीतर डिझेल. बंदराच्या तेलकट पाण्यात चालवायचं नाही. नळाच्या क्लोरीनच्या पाण्यानं धुतलंस तर पडदा गेला. काही दिवस बंद ठेवायचं तर औषध घालून निजवायचं. म्हणजे ते घरात आणखी एक माणूसच झालं, आजारी पडणारं.

आता माझी गोष्ट. काल टाळली.

2013 चा मार्च. इकडे आटपाडीत टँकरपुढे हंड्यांच्या रांगा, जनावरं चारा छावणीत, आणि मी जहाजावरच्या जुन्या मित्रांबरोबर चाळीस फुटी बोटीवर, अंदमानात. चौघं होतो. बोट ज्याची तो केरळचा, एक गोव्याचा, एक कराडचा, मी. आणि कोपी, लंकावीच्या धक्क्यावर सापडलेला तांबडा कुत्रा. मलायी भाषेत कोपी म्हणजे कॉफी. फेब्रुवारीतच श्रीलंकेकडे निघायला हवं होतं, पण हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप म्हणतात) पाय निघेना. निघालो तेव्हा वारा सरत आला होता. पोर्ट ब्लेअर ते गॉल, आठशेच्या वर सागरी मैल.

पहिले दोन महिने मी रोज काठी बुडवत होतो, ओरडत होतो. कराडचा मला "टँकरवाला" म्हणायचा. प्रीतिसंगमावर पोहायला शिकलेला माणूस तो, पाणी संपतं हे त्याच्या हाडाला माहीतच नव्हतं. बाकीचे हसायचे. हॅवलॉकनंतर मी काठी ठेवून दिली. चेष्टा नको वाटली. एवढंच कारण. एवढ्याशा कारणानं मी आज्जीची काठी ठेवून दिली.

सहाव्या दिवशी नळातनं हवा आली. ओट्याखालच्या पाइपाची पकड सुटली होती. नळाचा पंप आपलं काम करत राहिला, पाणी बोटीच्या तळात ओतत राहिला. आणि तळात पाणी साचलं की आपोआप सुरू होणारा दुसरा पंप ते गोडं पाणी इमानेइतबारे समुद्रात फेकत राहिला. इंजिन चालू होतं, कुणाला आवाज आला नाही. तीनशे लिटर! सकाळी काठी बुडवली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

डेकवर वीस लिटरचे दोन कॅन बांधलेले होते. मी वही काढली. चाळीस लिटर, चार माणसं, आठ दिवस. माणशी सव्वा लिटर. सगळ्यांना वाचून दाखवलं. त्या वेळी मला, खरं सांगतो, आत कुठेतरी बरं वाटलं. बघा, टँकरवाला काय म्हणत होता.

हिशेबात कोपी नव्हता.

विसरलो नव्हतो. मुद्दाम धरला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो डेकवर उडालेलं खारं पाणी चाटायला लागला आणि मग ओकला. कराडचा काही बोलला नाही. संध्याकाळी आपला पेला घेऊन खाली बसला आणि निम्मा कोपीच्या वाटीत ओतला. रोज ओतला. चौथ्या दिवशी श्रीलंकेची मासेमारीची बोट भेटली, त्यांनी दोन कॅन दिले, आम्ही सिगारेटी आणि बिस्किटं दिली, आणि तो अध्याय संपला. कोपी पुढे बरीच वर्षं केरळात कोंबड्यांमागे पळाला.

गॉलला पोचल्यावर माझं आणि कराडवाल्याचं भांडण झालं. ती पकड त्यानंच बसवली होती, हे मी चारचौघांत बोललो. खोटं नव्हतं. आजही म्हणेन, खोटं नव्हतं. मोजणं बंद पडलं ते त्याच्या चेष्टेमुळे, हेही खरं. आणि माणसांचं पाणी आधी धरायचं, यात चूक काय? बारा वर्षं झाली, कराड इथनं दीड तासावर आहे, आम्ही बोलत नाही. काकू म्हणते फोन करा. तिचं तिला.

असो. तुला सांगत होतो.

दोन टाक्या असलेलीच बोट घे, मधला व्हॉल्व्ह बंद ठेव, एक फुटली तर दुसरी राहते. नळाचा पंप वापर झाला की बंद. पायानं दाबायचा पंप असेल तर फारच छान, पाय दुखतो तेव्हा पाणी कमी लागतं. भांडी खाऱ्या पाण्यात घासायची, शेवटी गोड्या पाण्याचा एक पेला. पाऊस आला तर पहिली पाच-दहा मिनिटं ताडपत्रीवरचं मीठ धुऊन जाऊ दे, मग धर. तुमच्यातलं कुणी हसेल. हसू दे. तू काठी ठेवू नकोस.

कुत्र्याचं आता. लस, मायक्रोचिप, रेबीजची रक्ततपासणी हे आत्ताच सुरू कर, या कागदांना महिने लागतात. पुढे मालदीव किंवा लक्षद्वीप मनात असेल तर विसर, तिथे कुत्रा चालत नाही. अंदमानातही आमचा कोपी कागदांअभावी नांगरावरनंच किनाऱ्याकडे बघत भुंकायचा. कठड्याला जाळी लाव, त्याला पाठीवर मूठ असलेलं तरंगायचं जॅकेट घाल, शी-शूसाठी खोट्या हिरवळीचा तुकडा आतापासूनच गच्चीवर टाकून सवय लाव. हे सगळं जमतं.

तो तुमच्यातला तिसरा मुलगा म्हणतो ना, कुत्रा आला तर मी येत नाही? त्याच्याशी मायेच्या गप्पा मारू नकोस. चौघांना समोर बसव, वही उघड आणि विचार, पाण्याच्या पानावर चार नावं लिहू की पाच? जो चार म्हणेल त्याला लंकावीपर्यंत नेऊच नकोस. चौघंही चार म्हणाले, तर कुत्रा माझ्याकडे सोड. आमचं अंगण मोठं आहे.

पाच ठरलं तर किलोमागे दिवसाला साठ मिलिलिटर धर, उन्हात त्याहून जास्त. वजन किती आहे त्याचं? अंदाजे नको, काट्यावर करून कळव.

तुझा काका