हजेरी आणि वाचनपातळी, दोन्ही नोंदी आहेत. शाळा सुधारायला त्यांचा उपयोग कसा करायचा?

दोन्ही नोंदी एकाच तक्त्यात प्रत्येक मुलाच्या नावासमोर शेजारीशेजारी मांडा, वर्गाची सरासरी काढू नका. सरासरीत रोज येऊनही शब्दांवर अडकलेलं मूल आणि महिनोन्‌महिने न आलेलं मूल एकसारखीच दिसतात. पहिल्यासाठी शिकवणं बदलायला हवं: इयत्तेनुसार नव्हे, पातळीनुसार गट आणि रोज वाचन. दुसऱ्यासाठी आधी घर गाठावं लागतं.

हजेरीसुद्धा वर्षाच्या टक्क्यांत न बघता महिन्यांत बघा. बीडसारख्या जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास कुटुंबं ऊसतोडीला निघतात आणि मुलांची गैरहजेरी तिथून सलग सुरू होते. मागच्या वर्षीच्या नोंदीवरून ही नावं आधीच कळतात. हंगामी वसतिगृहाची किंवा आजीआजोबांकडे राहण्याची सोय तेव्हाच बोलून ठेवता येते. ही सगळ्यात मोलाची गोष्ट.

वाचनासाठी ‘असर’ची, म्हणजे 2005 पासून घरोघरी जाऊन मुलांचं वाचन तपासणाऱ्या सर्वेक्षणाची, पट्टी पुरेशी आहे: अक्षर, शब्द, पहिलीचा परिच्छेद, दुसरीची गोष्ट.

मात्र घरी कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाची मराठीतली पातळी कमी आली म्हणून त्याला कच्चं ठरवू नका. तीच गोष्ट त्याच्या भाषेत सांगून, समजली का ते आधी विचारा.