नीटच्या वर्षात कॉलेज : वाचकांचे प्रश्न

बारावी सायन्सच्या पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) ग्रुपच्या मुलामुलींची आणि त्यांच्या पालकांची पत्रं या वेळी जास्त आहेत. त्यातली चार घेतली.

मी चोपड्याला बारावीत आहे. सकाळ-संध्याकाळ नीटचा क्लास असतो. क्लासचे सर म्हणतात, कॉलेजात हजेरीपुरतं जा, प्रॅक्टिकलचे गुण मिळतातच. डिसेंबरात आमच्या एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) सात दिवसांचं निवासी शिबिर सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात आहे. यंदा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणीही ठेवली आहे. जाऊ की नको? — एक विद्यार्थिनी

आधी प्रॅक्टिकलचं बोलू, कारण सरांचा सल्ला तिथेच चुकतो. बोर्डात भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र या तिन्ही विषयांत प्रत्येकी 30 गुण प्रात्यक्षिकाचे, म्हणजे 300 पैकी 90. एमबीबीएसच्या पात्रतेला या तीन विषयांत मिळून खुल्या गटाला 50 टक्के आणि राखीव गटांना 40 टक्के लागतात. शिवाय 2024 पासूनच्या नीट अभ्यासक्रमात भौतिकशास्त्रात प्रायोगिक कौशल्यांचं आणि रसायनशास्त्रात प्रात्यक्षिकांच्या तत्त्वांचं स्वतंत्र प्रकरण आहे. व्हर्नियर, स्क्रूगेज, मीटर ब्रिज आणि परमँगनेटचं टायट्रेशन त्यात नावानिशी आलेलं आहे.

टायट्रेशनच घे. परमँगनेट गडद जांभळं असतं, म्हणून ब्युरेटचं (खुणा असलेल्या उभ्या नळीचं) रीडिंग द्रावणाच्या वरच्या कडेवरून घ्यायचं. रंगहीन द्रावणाला घेतो तसं खालच्या वक्रावरून नाही. फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक आम्ल असेल तर तो 60 ते 70 अंशांपर्यंत तापवायचा, कारण थंडपणी अभिक्रिया फार सावकाश चालते. मोहर सॉल्ट (फेरस अमोनियम सल्फेट) असेल तर मुळीच तापवायचा नाही, नाहीतर फेरस आयनांचं हवेनेच ऑक्सिडीकरण व्हायला लागतं. विरल सल्फ्युरिक आम्ल कमी पडलं की टिकणाऱ्या फिक्या गुलाबी रंगाऐवजी तपकिरी गढूळपणा येतो. तो मँगनीज डायऑक्साइडचा. सल्फ्युरिकऐवजी हायड्रोक्लोरिक का चालत नाही? परमँगनेट त्यातल्या क्लोराइडवरच खर्च होतं आणि रीडिंग फुगतं. ब्युरेटवर फनेल तशीच राहिली किंवा नोझलमध्ये बुडबुडा अडकला, तरी रीडिंग गेलंच. ही प्रत्येक चूक नीटमध्ये बहुपर्यायी प्रश्न होऊन येऊ शकते. एकदा स्वतःच्या हाताने प्रयोग बिघडलेला असला की त्या प्रश्नाला पाठांतर लागत नाही. क्लासवाल्यांच्या सोयीने कॉलेजात नुसतं नाव ठेवण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्यात नेमकी ही दोन तासांची प्रयोगशाळा बुडते.

आता शिबिर. ते डिसेंबरअखेर आटोपत असेल तर जा. जानेवारीत सरकलं तर नको, कारण पाठोपाठ बोर्डाची प्रात्यक्षिकं आणि लेखी परीक्षा येतात.

जाताना सगळी पुस्तकं उचलू नकोस. एनसीईआरटीच्या जीवशास्त्रातली आनुवंशिकतेची दोन प्रकरणं घे, कारण तिथे चालणारं काम त्याच प्रकरणांतलं आहे. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा ग्लोबिन साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, कोडॉन जीएजीचा जीयूजी होतो, एवढं तुला पाठ असेलच. शिबिरात त्याची दुसरी बाजू दिसेल. आरोग्य कर्मचारी बोटाला टोचून रक्ताचा थेंब सोल्युबिलिटी चाचणीच्या द्रावणात टाकतात आणि नळीमागे रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या तर सिकल हिमोग्लोबिन नाही, गढूळपणामुळे दिसेनाशा झाल्या तर आहे. पण वाहक (आईबापांपैकी एकाकडूनच सदोष जनुक आलेला) आणि रुग्ण (दोघांकडून आलेला) यांतला फरक ही चाचणी सांगत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली तपासणी लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन अजून भरपूर असतं, म्हणून त्याचा निकाल खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. रक्त फार कमी असलेल्या माणसाचंही तसंच होतं.

सुई, नळी हे तुमचं काम नाही. तुमच्या वाट्याला नोंदणीचं टेबल येईल: नाव, वय, पाडा, आईवडिलांची नावं. तिथे तीन गोष्टी पाळ. नाव लिहून झालं की मोठ्याने वाचून दाखव, कारण एका पाड्यावर एकाच नावाची चार माणसं निघतात. निकाल रांगेत कधीच ओरडून सांगू नका. गढूळ निघालेल्या मुलीचं जमत आलेलं लग्न त्या एका हाकेने मोडू शकतं. तिसरी गोष्ट, वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे दोन वाक्यांत सांगायची तयारी घरूनच करून जा. आईबाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक होण्याची 50 टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची 25 टक्के. या शक्यता मांडणारा पुनेट चौकोन वहीत काढणं सोपं. तोच ओट्यावर बसलेल्या आजीला अहिराणीत किंवा पावरीत समजावताना कळतं की आपल्याला तो किती कळला होता. चार मुलं असतील तर एक रुग्ण होणारच, असा समज हमखास करून घेतला जातो. प्रत्येक खेपेला चिठ्ठी नव्याने निघते, हे आवर्जून सांग.

पहाटे 45 मिनिटांत जीवशास्त्राचे 45 प्रश्न सोडव, बाकी अभ्यासाचा आव तिथे आणू नकोस. क्लासच्या बुडालेल्या टेस्ट परत आल्यावर दहा दिवस रोज एक तास जादा देऊन भरून निघतात.

माझं शिक्षण धडगाव तालुक्यातल्या आश्रमशाळेत मराठीतून झालं. आता शहाद्याला अकरावी सायन्सला आहे, सगळं इंग्रजीतून. वर्गात तोंड उघडत नाही. नीट मराठीतून दिली तर चालेल का? — एक विद्यार्थी

चालेल. मराठी निवडणाऱ्याला प्रश्नपत्रिका मराठी आणि इंग्रजी अशी दोन्ही भाषांत मिळते, फक्त इंग्रजी निवडणाऱ्याला निव्वळ इंग्रजी. दोन्हींत तफावत निघाली तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात. अर्जात भाषा विचार करूनच निवडायची, म्हणून त्याआधी दोन जुन्या द्विभाषिक प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडव. पुस्तकी मराठी संज्ञाच तुला परक्या वाटण्याची शक्यता आहे. तरी भौतिकशास्त्राच्या लांबलचक वाक्यांत अडत असशील तर मराठीचा आधार घे.

आपल्याकडे एमबीबीएसची पुस्तकं मात्र इंग्रजीच आहेत, तेव्हा तयारी आत्तापासून. वहीच्या पानाला दोन घड्या घालून तीन रकाने कर: इंग्रजी शब्द, मराठी अर्थ, छोटी आकृती. रोज दहा शब्द, अधिक नको. शब्दाचे तुकडे ओळखायला शीक: नेफ्रो आला की मूत्रपिंड, हेपॅटो आला की यकृत, शेवटी आयटिस आला की दाह. वर्गातलं तोंड एकदम उघडत नाही. आठवड्याला एकच प्रश्न विचारायचा आणि तो आदल्या रात्री लिहून ठेवायचा. मित्राला रोज एक आकृती फळ्यावर काढून तीन मिनिटं समजाव. आधी मराठीत, महिन्याभराने इंग्रजीत. मधे अडलास तरी पुस्तक उघडायचं नाही, अडलेल्या जागेवर खूण करून पुढे जायचं.

तू विचारलं नाहीस, पण हे सांगायलाच हवं. जमातीचं प्रमाणपत्र आणि वैधता प्रमाणपत्र (जमातीचा दावा तपासून मिळणारं) हे दोन वेगळे कागद आहेत. वैधतेसाठी अकरावीतच कॉलेजमार्फत अर्ज कर. वडील-आजोबांचा शाळेचा दाखला आणि सप्टेंबर 1950 पूर्वीची महसुली किंवा शाळेची नोंद मिळाली तर प्रकरण लवकर हलतं. नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक असेल तर आत्ताच शपथपत्र करून ठेव. गुण असूनही वैधतेअभावी जागा हातची जाते.

मुलीला नीटमध्ये 720 पैकी 390 मिळाले. ती पुन्हा बसणार आहे. वर्ष वाया नको म्हणून बीएस्सीला नाव घालू की घरीच अभ्यास करू दे? — एक पालक, धुळे

तुमच्या पत्रात 105 बरोबर, 30 चूक आणि 45 सोडलेले असा हिशोब आहे. बरोबरचे प्रत्येकी 4 प्रमाणे 420, त्यातून चुकीचे प्रत्येकी 1 प्रमाणे 30 वजा. चुका निम्म्या गाळल्या तरी 15 गुणच वाढतात. खरी जागा त्या 45 प्रश्नांत आहे. त्यातले बहुतेक भौतिकशास्त्राचे असतील तर वेळापत्रकाचा निम्मा भाग त्याच विषयाला लागेल. बीएस्सीची हजेरी, अंतर्गत परीक्षा आणि ऐन दिवाळीच्या आसपास येणारी सत्र परीक्षा यांतून तेवढा वेळ काढणं जमत नाही. तेव्हा तुमच्या मुलीच्या बाबतीत बीएस्सी नको, असं आमचं मत.

घरीही बसवू नका. नुसतं घरी राहिलेलं मूल नोव्हेंबरपर्यंत टिकतं, मग झोपेची वेळ सरकते आणि टेस्ट टळू लागतात. एखाद्या अभ्यासिकेत ठरलेली जागा घ्या, सकाळी आठला डबा घेऊन निघू द्या. रविवारी टेस्ट दुपारी 2 ते 5 याच वेळेत सोडवू द्या. 2025 ची नीटही त्याच वेळेत होती, आणि मे महिन्यातल्या आपल्याकडच्या दुपारी डोकं चालतं ठेवायची सवय मुद्दाम लावावी लागते. आठवड्यातून दोन तास अभ्यासाबाहेरचं काहीतरी असू द्या, माणसांत राहून करायचं. गॅपचं शपथपत्र वेळेत करा. बीएएमएस आणि बीएचएमएसचे प्रवेशही नीटवरच होतात, बीएस्सी नर्सिंगची सीईटी वेगळी असते. तिचाही अर्ज भरून ठेवा.

तरीही बीएस्सीला नाव घालायचंच ठरलं तर मूळ कागद अडकणार नाहीत एवढं पाहा. मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवू नयेत असं यूजीसीने 2018 मध्ये सांगितलेलं आहे. पण शाळा सोडल्याचा दाखला तिथे जमा होतोच आणि प्रवेशाच्या ऐन फेरीत तो परत काढायला तीन-चार दिवस मोडतात.

बारावीत आहे. गॅदरिंगचं सूत्रसंचालन आणि वर्गाचं प्रतिनिधीपद, दोन्हींसाठी विचारलं आहे. काय घेऊ? — भुसावळ

सूत्रसंचालन घे. त्याला सुरुवात आणि शेवट आहे: लिहायला दोन संध्याकाळी, तालमीला एक दिवस. प्रतिनिधीपण वर्षभर चालतं, आणि कुणाचा फॉर्म राहिला, कुणाची फी अडली, म्हणून रात्री अकरालाही फोन येतो. निवेदन दोन पानांत बसव, प्रत्येक कार्यक्रमाला तीन ओळी. पाहुण्यांची नावं आणि पदं आदल्या दिवशी प्राचार्यांच्या ऑफिसातून लेखी घे, तोंडी सांगितलेली नको.