शाळा सुटल्यानंतर शिक्षकाने गावासाठी काम करावे का?

आपली नुकतीच एका लहान गावातील जिल्हा परिषद शाळेवर नेमणूक झाली आहे, शाळेच्या वेळेनंतर गावासाठी काही करण्याची इच्छा आहे, परंतु ‘आधीच शाळाबाह्य कामांनी जीव मेटाकुटीला आला आहे, त्यात हे कशाला?’ असे सहकारी म्हणतात, म्हणून काय करावे, असे आपण विचारले आहे. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. माझ्या मते काम अवश्य करावे. मात्र ते गावाने मागितलेले असावे आणि आपली बदली झाल्यावरही चालू राहील अशा रीतीने उभे करावे.

सहकाऱ्यांची तक्रार खरी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढ्यांखेरीज शिक्षकाला अशैक्षणिक कामाला जुंपता येत नाही, तरीही सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरणे यांत अध्यापनाचे किती तास जातात, हे प्रत्येक शिक्षक जाणतो. अशा वेळी स्वेच्छेच्या कामाचेही अहवाल आणि छायाचित्रे वरून मागितली जाऊ लागली, तर नम्रपणे पण स्पष्ट नकार द्यावा, कारण एकदा त्याची सक्ती झाली की त्यातला जिव्हाळा संपतो.

गावाने मागितलेले काम कसे असते, याचे मला सर्वांत भावलेले उदाहरण ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील फांगणे गावचे आहे. आपल्यालाही वाचता यायला हवे होते, ही गावातील वृद्ध स्त्रियांची खंत तेथील जिल्हा परिषद शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ऐकली आणि ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठी ओलांडलेल्या आजी गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन, घरची कामे उरकल्यावर दुपारी दोन तास पाटीवर अक्षरे गिरवू लागल्या. साहित्यासाठी एका धर्मादाय संस्थेने मदत केली आणि शिकवण्याची जबाबदारी गावातल्याच एका सुनेने घेतली. कल्पना शिक्षकाची असली तरी वर्ग गावाचा झाला, हे मला फार मोलाचे वाटते.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथेही २०२२ मध्ये मुलांच्या अभ्यासासाठी संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास दूरचित्रवाणी आणि मोबाइल बंद ठेवण्याचा निर्णय गावानेच घेतला. एकट्या शिक्षकाने घरोघरी जाऊन सांगितले असते, तर ते चार दिवसही टिकले नसते.

म्हणून पहिले काही महिने नुसते ऐकावे. पारावर, बचत गटाच्या बैठकीत, शाळा व्यवस्थापन समितीत लोक कशाबद्दल पुन्हा पुन्हा बोलतात, याकडे लक्ष द्यावे. कोणाला अंगठ्याऐवजी सही करायची असेल, कोणाच्या मुलांना रात्री अभ्यासाला उजेडाची जागा हवी असेल. त्यांपैकी एकच काम हाती घ्यावे, पेरणी-काढणीच्या दिवसांत त्याची वेळ बदलण्याची तयारी ठेवावी आणि बारावी झालेल्या एखाद्या तरुणाला किंवा तरुणीला आरंभापासून सोबत घेऊन हळूहळू सर्व कारभार तिच्या वा त्याच्या हाती सोपवावा. अभ्यासिका चालवणार असाल, तर मुलांकडून एक रुपयाही घेऊ नये. त्याच कायद्याच्या कलम २८ ने शिक्षकांना खासगी शिकवण्या घेण्यास मनाई केली आहे, आणि पैशांचा नुसता संशय आला तरी गावाचा विश्वास परत मिळवणे फार अवघड जाते.