वाचक विचारतात: ईस्टर झाला, आता पुढे काय?

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न ईस्टरनंतरच्या, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणानंतरच्या दिवसांबद्दलचेच आहेत, त्यामुळे बाकीचे पुढच्या अंकात घेते. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय, म्हणून कुणाचंच छापलेलं नाही.

प्रश्न: उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, आमच्या पॅरिशमध्ये (भागातल्या चर्चमध्ये) दर शुक्रवारी क्रुसाची वाट ही प्रार्थना, रिट्रीट, कन्फेशनला (पापांची कबुली द्यायला) रांगा, पवित्र आठवड्यात तर उभं राहायला जागा नाही. ईस्टरच्या पुढच्याच रविवारी मात्र अर्धे बाक रिकामे. कौन्सिलच्या मीटिंगमध्ये विषय काढला तर म्हणतात लोक दमलेत, सोडून द्या. खरंच सोडून द्यायचं का?

दमलेत हे खरंय हो. कॉयर, वेदीसेवक, सॅक्रिस्टीतली (विधींची तयारी करणारी) मंडळी, सगळ्यांची त्या तीन-चार दिवसांत पार दमछाक होते आणि त्यात फादरही आलेच. पण खरी भानगड अशी आहे की आपण चाळीस दिवस तयारी करतो आणि सण एका सकाळी उरकून टाकतो, आणि चर्चचा हिशेब बरोबर उलटा आहे. उपवासकाळ चाळीस दिवसांचा, पुनरुत्थानकाळ पन्नास दिवसांचा, ईस्टर संडेपासून पेन्टेकॉस्टपर्यंत (पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत), आणि हे पन्नासही दिवस मिळून एकच सण धरायचा, एकच मोठा रविवार, असं चर्चच्या नियमांतच लिहिलंय. पहिले आठ दिवस तर प्रत्येक दिवस महासणाच्या दर्जाचा. सोमवारी सकाळच्या मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जाऊन बघा, ग्लोरिया हे स्तुतिगीत असतं, आणि शेवटी निरोप देताना दोन-दोन आलेलुया, म्हणजे 'देवाची स्तुती करा'. ऐकायला चार माणसं असतात ती गोष्ट वेगळी.

तर सोडून द्यायचं नाही, पण म्हणून आणखी एक कार्यक्रमही ठेवू नका, कृपा करून. जे आधीच मिस्सात आहे ते नीट करा. या काळातल्या रविवारी सुरुवातीच्या पश्चात्तापविधीऐवजी पाणी आशीर्वादित करून लोकांवर शिंपडता येतं, बाप्तिस्म्याची आठवण म्हणून, आणि कितीतरी ठिकाणी ते फक्त ईस्टर संडेला होतं आणि मग थेट पुढच्या वर्षी. एंजलस या मरियेच्या रोजच्या प्रार्थनेच्या जागी 'स्वर्गाच्या राणी' ही प्रार्थना म्हणायची, तीही उभं राहून. ईस्टरच्या आदल्या रात्री, शनिवारच्या जागरणविधीत ज्या मोठ्या माणसांचा बाप्तिस्मा झाला त्यांना या रविवारी पुढे बसवा, नवख्यांना घेतलेल्या संस्कारांचा अर्थ उलगडून सांगायचा काळ हाच. आणि घरी वाचायचं म्हणाल तर बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक काढा, येशूच्या शिष्यांनी पुढे काय केलं त्याचं, अध्याय 28 आहेत, आठवड्याला चार वाचले की सात आठवड्यांत पुस्तक संपतं.

प्रश्न: मी रविवारी वाचन करतो. या दिवसांत पहिलं वाचन जुन्या करारातलं नसतंच, सारखी प्रेषितांची कृत्ये. जुन्या कराराला सुट्टी का?

जागरणविधीत जुन्या करारातली सात वाचनं ठेवलेली असतात, उत्पत्तीपासून संदेष्ट्यांपर्यंत, त्यामुळे सुट्टीवर जायच्या आधी भरपूर काम करून गेलाय तो! पण ही चाल जुनी आहे. संत ऑगस्टीनच्या काळातही ईस्टरपासून प्रेषितांची कृत्येच वाचत, म्हणजे सोळाशे वर्षं तरी झालीच. कारण सरळ आहे, कबर रिकामी सापडली, पुढे काय झालं हे त्या पुस्तकात आहे. पुनरुत्थानाचा पुरावा म्हणून चर्च या काळात काय पुढे करतं तर ती घाबरलेली माणसं नंतर कशी वागली ते.

वाचन करणारे आहात म्हणून एक सांगते, ते पुस्तक गुळगुळीत आवाजात वाचू नका. त्यात भांडणं आहेत. सहाव्या अध्यायात रोजच्या अन्नवाटपात आमच्या विधवांना डावलतात अशी ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार आहे, आणि प्रेषितांनी त्यावर सात माणसं नेमली. पंधराव्यात सुंता हवी की नको यावर अख्खी सभा भरली, आणि ती मिटते न मिटते तोच पौल आणि बर्णबा यांचं मार्कला बरोबर न्यायचं की नाही यावरून इतकं वाजलं की दोघे दोन दिशांना गेले. पॅरिश कौन्सिलमध्ये बसलेल्या माणसाला हे सगळं फार ओळखीचं वाटेल. ऐकणाऱ्यांनाही वाटू द्या.

प्रश्न: दरवर्षी ईस्टरकाळाच्या दुसऱ्या रविवारी तेच, येशू उठलाय यावर विश्वास न ठेवणारा शिष्य थोमा आणि त्याचा संशय. माझा मुलगा कॉलेजात आहे, तो म्हणतो प्रश्न विचारणाऱ्याला तुम्ही लोक वर्षातून एकदा नावं ठेवता. काय सांगू त्याला?

त्याला सांगा तक्रार रास्त आहे, आणि मग योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय त्याच्यासमोर उघडून ठेवा. दरवर्षी तेच वाचन येतं हे खरं, वाचनांचं चक्र तीन वर्षांचं असतं, ए, बी, सी, त्या तिन्ही वर्षांत त्या रविवारी हाच उतारा, कारण त्यातच 'आठ दिवसांनी' असं आहे आणि तो रविवार बरोबर आठवा दिवस. सन 2000 मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी या रविवाराला दैवी दयेचा रविवार केलं तेव्हाही वाचन हेच राहिलं.

आता नीट बघा. ईस्टरच्या पहिल्या संध्याकाळी थोमा नसताना येशू आला आणि त्याने आपणहून बाकीच्यांना हात दाखवले, कूस दाखवली. थोमाने नंतर मागितलं काय? जवळजवळ तेच, जे बाकीच्यांना न मागता मिळालं होतं. हात घालून बघीन हे थोडं जास्तीचं, पण मागणी मूळची तीच. आणि दुसरी गोष्ट तर कुणी बोलतच नाही. ज्यांनी प्रभूला पाहिलं, ज्यांना पवित्र आत्मा दिला, ज्यांना पाठवलं, ते दहा जण आठ दिवसांनंतर कुठे होते? त्याच घरात, दारं बंद करून. आम्ही प्रभूला पाहिलं असं बंद दाराआड बसून सांगणाऱ्यांवर थोमाने विश्वास का ठेवावा, असं तुमच्या मुलाने विचारलं तर मला त्याचं उत्तर सुचत नाही, उलट मीच त्याच्या बाजूने बसेन.

शिवाय थोमाने शेवटी बोट घातलं की नाही हे योहान लिहितच नाही. चित्रांमध्ये घातलेलं असतं म्हणून आपल्याला वाटतं घातलं. मजकुरात येशू म्हणतो घाल, आणि थोमा म्हणतो माझ्या प्रभू, माझ्या देवा. अख्ख्या शुभवर्तमानात येशूच्या तोंडावर इतकं स्पष्ट दुसरं कुणी बोललेलं नाही. आणि हाच थोमा अकराव्या अध्यायात, लाजरसकडे जाण्यात धोका आहे हे कळत असताना, आपणही जाऊ, त्याच्याबरोबर मरू असं म्हणाला होता, ते आपण विसरतो.

एवढं मात्र मुलालाही सांगा, थोमा आठ दिवस संशयात होता पण त्या माणसांना सोडून गेला नव्हता, दुसऱ्या रविवारी तो तिथे होता.

प्रश्न: माझे मिस्टर उपवासकाळात गेले. ईस्टरच्या मिस्साला आलेलुया सुरू झालं आणि माझ्या तोंडून एक शब्द फुटेना. एक-दोघी म्हणाल्या, आज रडायचं नाही, आज आनंदाचा दिवस आहे. मला लाज वाटली आणि रागही आला. माझा विश्वास कमी आहे का?

नाही ताई. आणि राग आला ते बरं झालं.

त्या बायकांनी वाईट मनाने म्हटलं नसेल, पण ईस्टरच्या वाचनांत त्या सकाळी आनंदाने गाणारं कुणीच नाहीये, हे त्यांनी वाचलेलं दिसत नाही. मार्कचं शुभवर्तमान घ्या, सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ते जिथे थांबतं तिथे स्त्रिया कबरेपासून थरथरत पळून जातात आणि भीतीपोटी कुणाला काही सांगत नाहीत. योहानात मरिया मग्दालिया कबरेबाहेर रडत उभी आहे. तिला आधी देवदूत विचारतात, बाई का रडतेस, मग येशू तेच विचारतो. रडू नकोस असं कुणी म्हणत नाही, विचारतात, आणि ती सांगते, माझ्या प्रभूला नेलं, कुठे ठेवलंय मला ठाऊक नाही. समोर उभा आहे तोच आहे हे तिला दिसत नाही, डोळे भरून आलेल्या माणसाला दिसतं तरी काय, तिला तो माळीच वाटतो. मग तो फक्त नाव घेतो.

लूकच्या शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायातले येशूचे ते दोघे शिष्य आठवा, अम्माऊस गावाला निघालेले. कबर रिकामी आहे, देवदूत दिसले, ही बातमी त्यांच्या कानावर आली होती, म्हणजे ईस्टरचा संदेश त्यांना मिळालेला होता असं समजा, आणि तरी ते यरुशलेम सोडून निघाले होते आणि चेहरे उतरलेले. आम्हाला आशा होती, असं ते म्हणतात. होती. येशूने काय केलं, तर बरोबर चालत राहिला आणि आधी त्यांनाच बोलू दिलं, जे त्याला माहीत होतं ते सगळं त्यांच्या तोंडून ऐकून घेतलं. शास्त्र समजावलं ते नंतर, आणि मंदबुद्धी म्हणाला तेही नंतरच. सांत्वनाला येणाऱ्यांनी हा क्रम पाठ करायला हवा असं मला नेहमी वाटतं, आपल्याकडे पहिलं वाक्य संपायच्या आत वचन सुरू होतं.

तुमच्या तोंडून आलेलुया निघालं नाही तर नका म्हणू. मिस्सा ही एकट्याने करायची गोष्ट नाही, तुमच्या शेजारचा म्हणतोय, तोवर तेवढं पुरे. पुढच्या वर्षी कदाचित तुम्ही म्हणाल आणि शेजारी गप्प असेल.

वेदीजवळ जी पास्काची, म्हणजे ईस्टरची, मेणबत्ती लावलेली आहे ना, त्या मोठ्या मेणबत्तीवर क्रूस कोरलेला असतो, अल्फा-ओमेगा (ग्रीक वर्णमालेतली पहिली आणि शेवटची अक्षरं), चालू वर्षाचे आकडे, आणि क्रुसावर धुपाचे पाच खडे खोचलेले असतात, पाच जखमांची खूण म्हणून. पुनरुत्थानाच्या खुणेवर जखमा तशाच ठेवल्यात. तीच मेणबत्ती बाप्तिस्म्याला पेटवतात आणि अंत्यविधीत शवपेटीजवळ ठेवतात, तुमच्या मिस्टरांच्या वेळीही असेलच. जागरणविधीत अंधाऱ्या चर्चमध्ये जी आत आणतात तीही हीच. तेव्हा त्या सकाळी चर्चमध्ये तुमचं दुःख बाहेर ठेवून या असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

प्रश्न: बऱ्याच वर्षांपूर्वी पॅरिशमधल्या एका वादानंतर मी चर्चला जाणंच सोडलं. त्यात चूक माझीही होती. आता यावंसं वाटतं पण लोक काय म्हणतील, फादर काय विचारतील. ईस्टरपूर्वी कन्फेशनही केलं नाही, आता उशीर झाला का?

उशिराचं आधी. 1215 सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेपासूनचा नियम आहे की वर्षातून किमान एकदा, पुनरुत्थानकाळात, कम्युनियन (मिस्सातली पवित्र भाकर) घ्यायचं, आणि योग्य कारण असेल तर वर्षात इतर वेळीही चालतं. गंभीर पापं असतील तर वर्षातून एकदा कन्फेशन, त्याला ईस्टरच्या आधीच हवं अशी अट नाही. म्हणजे पेन्टेकॉस्टपर्यंत तुम्ही अगदी वेळेत आहात, आणि त्यानंतर आलात तरी दार कुणी लावून घेणार नाही. गर्दीचं दडपण वाटत असेल तर आठवड्यातल्या दिवशी जा, फादरना आधी फोन करा, रांगेत उभं राहायची गरज नाही.

लोकांचं म्हणाल तर दोन रविवार बघतील, तिसऱ्या रविवारी तुम्हाला कलेक्शनची पिशवी फिरवायला लावतील.

फादर काय विचारतील याची भीती वाटते तर योहानाचा एकविसावा अध्याय वाचा, सी वर्षात तो तिसऱ्या रविवारी येतो. शिष्य पेत्राने येशूला नाकारलं, मी त्याला ओळखत नाही म्हणाला, तेव्हा तो महायाजकाच्या अंगणात कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत उभा होता. आता तिबिर्या सरोवराच्या किनाऱ्यावर येशू त्याच्यासाठी पुन्हा कोळशाचाच विस्तव पेटवून बसलाय, वर मासे ठेवलेत, भाकर आहे. रात्रभर काही न मिळालेल्या जाळ्यात आता 153 मासे. आधी म्हणतो या, न्याहारी करा. खाऊन झाल्यावर विचारतो, तेही नाकारल्याबद्दल एक अक्षर नाही, फक्त माझ्यावर प्रीती करतोस का, तीन वेळा. तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटलं असं स्पष्ट लिहिलंय, म्हणजे ते सोपं नव्हतंच, जुनी जागा दुखलीच. पण प्रत्येक उत्तरानंतर त्याला काम मिळालं, मेंढरं सांभाळायचं. ज्याच्याशी वाद झाला तो माणूस अजून पॅरिशमध्ये असेल तर त्याच्याशीही कधीतरी बोलावं लागेल, ते पहिल्याच आठवड्यात करायला जाऊ नका.

झटपट:

ईस्टरनंतरच्या पहिल्या शुक्रवारी मांस वर्ज्य का? नाही. आठवडाभर रोजच महासणाचा दर्जा आहे आणि महासण शुक्रवारी आला की ते बंधन नसतं. पुढच्या शुक्रवारपासून नेहमीसारखं.

ईस्टरची तारीख दरवर्षी का हलते? 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार, म्हणून. ही पौर्णिमा चर्चच्या गणिताने काढलेली असते. त्यामुळे ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिलच्या बाहेर जात नाही.

पास्काची मेणबत्ती स्वर्गारोहणाच्या सणाला हलवायची ना? ती जुनी पद्धत. आता पेन्टेकॉस्टच्या संध्याकाळपर्यंत वेदीजवळ किंवा वाचनपीठाजवळ राहते, मग बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळ. आणि ज्या ताईंनी विचारलंय की ईस्टरची फुलं चार दिवसांत माना टाकतात, पुन्हा आणायला कुणी पैसे देत नाही, त्यांना एवढंच सांगते की ईस्टर संडेला निम्मीच लावा आणि उरलेल्या पैशांत पेन्टेकॉस्टपर्यंत दर रविवारी थोडी थोडी आणा.