‘अब्रह्मण्यम्’ या शब्दाचा नेमका अर्थ काय? आजच्या लेखनात तो कुठे वापरावा?

तुम्ही विचारलंय की, लेखांमध्ये ‘त्यांच्या दृष्टीने हे म्हणजे अब्रह्मण्यम्!’ अशी वाक्यं येतात. हा शब्द धार्मिक आहे का, आणि त्याचा ‘नावडतं’ एवढाच अर्थ घेतला तर चालेल का?

नाही चालणार. मी मुद्रितशोधनाचं काम करतो. हा शब्द आला की माझं पेन तिथे थांबतंच.

‘ब्रह्मण्य’ म्हणजे ब्राह्मणांना हितकर, त्यांना साजेसं. ‘अब्रह्मण्य’ त्याच्या उलट. पण संस्कृत नाटकांत ही एक आरोळी आहे. अमरकोशाच्या नाट्यवर्गात ‘अब्रह्मण्यमवध्योक्तौ’ असं दिलंय, म्हणजे ‘मी अवध्य आहे, मला मारू नका’ हे सांगायचा शब्द. शाकुंतलाच्या सहाव्या अंकात इंद्राचा सारथी मातली अदृश्य राहून विदूषकाला धरतो, तेव्हा पडद्यामागून हीच आरोळी येते आणि शोकात बुडालेला दुष्यंत धनुष्य मागवतो.

दुसरी जागा मला कधीच विसरता येत नाही. विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीचं उत्तररामचरित, दुसरा अंक. आत्रेयी ही तपस्विनी वनदेवता वासंतीला घडलेलं सांगते: एक ब्राह्मण आपलं मेलेलं मूल राजवाड्याच्या दाराशी ठेवतो आणि ऊर बडवत ‘अब्रह्मण्यम्’ असा आक्रोश करतो. बापाचं दुःख खरंच आहे. पण त्यावर आकाशवाणी होते की शंबूक नावाचा शूद्र तप करतोय, त्याचं डोकं उडव म्हणजे हे मूल जगेल. राम तलवार घेऊन निघतो. ‘मारू नका’ म्हणणारा शब्द, आणि त्याच्या पाठोपाठ एक माणूस मारला जातो, तोही तप केल्याबद्दल.

मराठीत या शब्दातला प्राणांतिक भाग गळला आणि ‘धर्म बुडाला!’ हा भाग उरला. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. त्यांत रानडे होते, टिळक होते. नावं छापून आली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि दोघांनीही प्रायश्चित्त घेतलं. मिशनऱ्यांचा चहा तेव्हा खरोखरच अब्रह्मण्यम् होता. आज त्या चहाचं कुणाला काही वाटत नाही, म्हणून शब्दही हलका झाला. आता तो बहुतेक वेळा दुसऱ्याच्या सोवळेपणाला चिमटा काढायलाच येतो: ‘आजोबांच्या लेखी पुरणपोळीवर दुधाऐवजी आमरस म्हणजे अब्रह्मण्यम्!’ असं वाक्य अगदी झकास बसतं.

यात एक अट लपलेली आहे. धक्का कुणाला बसलाय ते वाक्यात दिसलं पाहिजे, आणि वाचणाऱ्याला तो धक्का बसलेला नसावा. म्हणून ‘लाचखोरी म्हणजे अब्रह्मण्यम्’ हे वाक्य पडतं. लाच सगळ्यांनाच वाईट वाटते. तिथे ‘निंद्य’ लिहा. नुसतं टाळायचं असेल तर ‘वर्ज्य’ आहे, बंदी असेल तर ‘निषिद्ध’ आहे. शब्दाला विभक्ती लावू नका, अनेकवचन करू नका. ‘विद्वान’, ‘अर्थात’ आपण पाय न मोडता लिहितो, पण इथे शेवटच्या म् चा पाय मोडलेलाच ठेवावा असं माझं मत आहे, कारण हा शब्द मराठीत अजून उद्गार म्हणूनच वावरतो.

आता ज्यासाठी हे उत्तर लिहायला बसलो ते सांगतो. मध्यंतरी माझ्याकडे एक लेख तपासायला आला. दलित नवरदेव घोडीवर बसला म्हणून वरातीवर दगड आले, त्याबद्दलचा. लेखकाने कळवळून लिहिलं होतं, आणि मधेच वाक्य होतं: ‘गावातल्या काहींना हे अब्रह्मण्यम् वाटलं.’ मी त्या शब्दाभोवती गोल केला आणि त्यांना फोन लावला. म्हटलं, या शब्दाने दगड मारणारे लोक आमरसवाल्या आजोबांच्या रांगेत जाऊन बसतात. वाचणारा किंचित हसतो, आणि इथे एकानेही हसता कामा नये. शिवाय शंबूकाचं डोकं ज्या आरोळीनंतर उडालं, तीच आरोळी आपण त्या पोराच्या वरातीत आणून ठेवतोय.

ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘खोडा ते वाक्य. दगड कुणी मारले तेवढंच राहू द्या.’